गेटच्या आतली रात्र

आमच्या परळीत रात्री नऊनंतर मुली बाहेर दिसायच्या त्या गणपतीत नाहीतर लग्नाच्या वरातीत, आणि तेव्हाही सोबत कुणीतरी असायचंच. त्यामुळे २००४ मध्ये इंजिनिअरिंगला पुण्यात आले, कर्वेनगरला मुलींच्या हॉस्टेलात राहायला लागले, तेव्हा संध्याकाळी गेट लागतं याचं मला काहीच वाटलं नाही. मुंबईच्या मुली कुरकुरायच्या. मला मात्र गेटच्या आतलंच सगळं नवीन होतं. रात्री दोन वाजता केस मोकळे सोडून, पायात स्लिपर, पायऱ्यांवर फतकल मारून बसायचं आणि "चल, आत हो" म्हणणारं कुणी नाही!

सबमिशनच्या रात्री तर जत्राच. पहिल्या वर्षी ग्राफिक्सच्या, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या, शीट असायच्या आणि त्यांच्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे जीटी. दोन बादल्या उलट्या ठेवायच्या, त्यांवर काच, खाली टेबल लॅम्प. काचेवर एखाद्या हुशार मुलीची पुरी झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. उजेडात रेषा वर उमटतात, त्या गिरवायच्या. (पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) काच एक आणि गिऱ्हाइकं पंधरा. नंबर लागेपर्यंत कॉरिडॉरमध्ये चहा, कुणाच्या तरी घरचा चिवडा, माझ्या आईचे धपाटे. नागपूरची रूममेट "काय करून राहिली बे?" म्हणायची, दिवाळीपर्यंत चिपळूणचीही तेच म्हणायला लागली.

नवरात्रात भोंडला. पाटावर हत्ती काढला तर कोल्हापूरची म्हणाली, हा हादगा. जळगावची म्हणाली, आमच्याकडे भुलाबाई असते, तुमचं काहीतरी चुकतंय. यावर अर्धा तास भांडण झालं आणि मग फेर धरून सगळ्यांनी आपापली गाणी म्हटली. खिरापत शेवटपर्यंत कुणाला ओळखता आली नाही. वाटली डाळ, करंजी, पंचखाद्य, सगळं म्हणून झालं. डब्यात निघाली चुरलेली कोरडी मॅगी, वर कांदा आणि तिखट-मीठ.

त्याच कर्वेनगरात, स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात, अण्णा कर्व्यांची झोपडी जपून ठेवली आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचं आणि संध्याकाळी सामान उचलून चिखलातून चालत हिंगणं गाठायचं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या चालण्याचं कौतुक मलाही आहे. पण झोपडीपुढे उभी राहिले की माझं डोकं तिथल्या बायकांकडे जातं. गावातल्या वाड्यात विधवेनं मोठ्यानं हसायची सोय नव्हती. इथे माळावर ऐकायला शेजारीपाजारी कोण होतं? दिवे मालवल्यावर त्या अंगणात बसत असतील का? सासरच्या नकला करत असतील का? अण्णांच्या पत्नी बाया कर्वे, त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तिथे राहिल्या, शिकल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. अशी बाई रात्री आठ वाजता मुकाट्यानं कूस बदलून झोपत असेल, हे मला काही पटत नाही.

आता मी वाकडला राहते. आमच्या सोसायटीत बाग आहे, बाकं आहेत, गेटवर दोन वॉचमन असतात. परवा रात्री साडेअकराला कचरा टाकायला खाली गेले, हवा छान होती, म्हणून बसले बाकावर. पाच मिनिटांत वॉचमनकाका बॅटरी घेऊन हजर. "मॅडम, काय झालं? साहेब घरी नाहीत का?"