मिस कॉल देऊन बातमी

आज दुपारभर सीजीनेट स्वरा या फोनवरून बातम्या सांगायच्या-ऐकायच्या सेवेवरची रेकॉर्डिंग ऐकत बसले. आधी बीबीसीत असलेल्या शुभ्रांशु चौधरींनी २०१० मध्ये छत्तीसगडात हे सुरू केलं. साधा फोन पुरतो, मिस कॉल दिला की उलटा फोन येतो आणि माणूस आपल्याच बोलीत सांगतो की हातपंप बंद आहे, मजुरी थकलीय, मग ते कोणीतरी तपासतं आणि त्यानंतरच सगळ्यांना ऐकता येतं, हे तपासणं मला फार मोलाचं वाटतं. आणि भारी म्हणजे बोलणारा शेवटी अधिकाऱ्याचा नंबरही देतो, ऐकणाऱ्यांनी फोन करावा म्हणून!! तिथे ऐकू येणारी गोंडी ही आदिवासी भाषा तर आपल्या गडचिरोलीतही बोलतात, पण आपल्या चॅनलवर कधी ऐकलीय? कोणाला गोंडी येत असेल तर प्लीज सांगा, बरंच समजून घ्यायचंय.