अपडाऊन

परवा दुपारी यवतमाळ रोडवरच्या एका फाट्यावर लिंबाखाली गाडीची वाट पाहत उभी होते. पावसानं उघाड दिलेली, पराटी (कपाशी) गुडघ्याच्या खालीच, आणि डवऱ्याचा फेर धरलेला एक माणूस सोडला तर नजर जाईल तिथवर कोणी नाही. तेवढ्यात मानव विकास योजनेची, शिकणाऱ्या पोरींसाठीची निळी बस गेली. खिडकीशी एक पोरगी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून गाढ झोपली होती, ओढणीचं टोक बाहेर फडफडत होतं. ही अकरावीची, मी मनात म्हटलं. बारावीच्या पोरी गाडीत झोपत नाहीत. त्यांना बोलायला फार असतं.

आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, अपडाऊन का रूम? सायन्स का आर्ट्स ते नंतरचं. माझ्या वेळी, म्हणजे १९९३ साली, तो प्रश्न निघालाच नाही. तेव्हा निकाल जूनच्या मधात लागायचा आणि पेरणीही तेव्हाच. बाबांच्या खिशात जे होतं ते बियाण्याचं होतं. दारव्ह्याच्या कॉलेजात फी भरून आलो आणि पावसानं दडी मारली. आई आकाशाकडे पाहून म्हणाली, “दुबार पेरणी आली तं हिच्या कालेजचं काय कराचं?” दोन दिवसांनी पाऊस आला, मग माझा एसटीचा पास निघाला.

गावात मुक्कामी गाडी होती. हॉल्टिंग म्हणायचे सगळे. रात्री आठला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या पारावर झोपायचे, कंडक्टरकाका पैशाची बॅग उशाखाली घेऊन. कोणाच्या ना कोणाच्या घरून भाकर आणि झुणका जायचाच, पाळी लावलेली नव्हती तरी चुकायचा नाही. पहाटे पावणेसहाला पहिला हॉर्न. त्यावर वेणी घालायची, दुसऱ्यावर चपला घालायच्या. तिसरा वाजलाच तर तो माझ्यासाठी असायचा आणि साऱ्या गावाला ते माहीत असायचं. “मास्तराच्या बाजूची पोट्टी आली का नाई वं?” ड्रायव्हरकाका विचारायचे, आणि अंगणात सडा टाकणारी कोणीतरी बाई माझ्या वतीनं उत्तर द्यायची.

कॉलेजात पहिल्या वर्षी काय शिकले म्हणाल तर गाडीत जागा धरायला. खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल सुती हवा, नायलॉनचा घसरून खाली पडतो. रुमालाला मान नाही मिळाला तर वही. वही उचलून बाजूला ठेवायला माणसं कचरतात, सरस्वती असते ना ती. आजही नागपुरात नाटकाला गेले की हात आपोआप पर्समधल्या रुमालाकडे जातो. नवरा म्हणतो, तिकिटावर नंबर आहे. असेल. माझा नंबरावर विश्वास नाही.

वर्गात मात्र आम्ही कोणाच्याच नव्हतो. दारव्ह्यातल्याच पोरी पहिल्या बाकांवर, त्यांची ट्यूशन एक, त्यांचे हसण्याचे विषय एक. बाहेरच्यांची मैत्री विषयावर होत नसते, रूटवर होते. दिग्रस रूटच्या वेगळ्या, आर्णी रूटच्या वेगळ्या, नेर रूटच्या जरा तोऱ्यात, कारण त्यांना गाड्या जास्त. एकीचं नाव मला वर्षभर कळलंच नाही, तरी तिच्या डब्यातला अंबाडीचा ठेचा मी ओळखीचा मानत होते. लाडखेडकडची एक जण मुलखाची हौशी, ती अधूनमधून शकुंतलेनं यायची. त्या नॅरोगेज गाडीला १९९४ पर्यंत कोळशाचंच इंजिन होतं. ती आली की तिसरा तास चालू असायचा आणि तिच्या पांढऱ्या ओढणीवर काळे ठिपके.

पावसाळ्यात आमच्या नाल्याला पूर आला की संध्याकाळची गाडी अलीकडच्या गावाहूनच परत फिरायची. रात्री गाडी गावात नाही म्हणजे सकाळी हॉर्न नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी सर विचारायचे, काल कुठं होतीस? मी म्हणायची, नाला होता सर. सगळा वर्ग हसायचा. एकदा नव्यानं आलेल्या एका सरांनी तर ‘नाला’ हे कोणाचं तरी आडनाव समजून पुढची चौकशी केली होती.

कॉलेज बारापर्यंत, परतीची गाडी तीनला. मधले तीन तास स्टँडवर. मुलं रसवंतीवर बसायची, पिक्चरला जायची, कुठंही जायची. आम्ही महिलांसाठी राखीव असलेल्या सिमेंटच्या बाकावर, पाय आखडून. मला तर वाटतं, मी वर्गापेक्षा त्या बाकावरच जास्त बसले. इतिहासाच्या नोट्स तिथं उतरवल्या, कोणाचं लग्न जमलं ते तिथं कळलं, लाउडस्पीकरवरचं “फलाट क्रमांक चारवर लागलेली” हे वाक्य मी झोपेतही म्हणायची असं बहीण सांगते. डबा पहाटेचा, त्यामुळे तो साडेदहालाच संपलेला. अजूनही मला साडेदहाला भूक लागते. ऑफिसातल्यांना वाटतं शुगर आहे.

नवीन ठिकाणी रुळायला महिना-दोन महिने लागतात म्हणतात. ते रूम करणाऱ्यांचं. ते एकदा रडतात, एकदा करपलेली खिचडी खातात आणि त्या गावचे होतात. अपडाऊनवाली रोज सकाळी साडेसातला नव्यानं कॉलेजात जाते आणि चारला परत शेतात निंदणाच्या तासात उभी असते. मला घराची आठवण येण्याची सोयच नव्हती. कॉलेजची आठवण यायलाही सवड नव्हती म्हणा.

आता मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. शिवाय ही निळी बस. तिच्यामुळे किती पोरी दहावीनंतर घरी बसायच्या वाचल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तिच्याविरुद्ध मी एक शब्द ऐकून घेणार नाही. फक्त गेल्या महिन्यात माझ्या भाचीनं रूमचं नाव काढलं तेव्हा तिचे आजोबा म्हणाले, “पास फुकट हाय नं बाई, रूम कायले पायजे?” तिनं पुढं काही विचारलं नाही. मला मात्र आमचं घर आठवलं. माझ्यामागून माझा भाऊ अकरावीला गेला, थेट यवतमाळला, रूम करून. नवी गादी, स्टोव्ह, लोखंडी पेटी, सगळं एका दिवसात जमलं. बाबा स्वतः पोचवून आले. पेरणी त्याही वर्षी जूनमध्येच होती. पैसे कुठून आले हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता बाबा ऐंशीला आलेत, आता काय विचारायचं.