टे नदीतला मोठा सॅमन : गळाला लागल्यापासून सोडेपर्यंत

वीस पौंडांच्या वरचा सॅमन धडधाकट परत जाणार की नाही, हे बरंचसं रॉड जोडतानाच ठरलेलं असतं. जाळ्यात आल्यावर आपल्या हातात फार थोडं उरतं. नीट बसलेल्या गळाची जखम त्याला सहसा मारत नाही. लांबलेली झुंज, गरम पाणी आणि हवेत गेलेले सेकंद मारतात. स्कॉटलंडमध्ये टे नदीवर मी हे कसं करतो, ते त्याच क्रमानं लिहितो.

आधी नियम. टेचा हंगाम 15 जानेवारी ते 15 ऑक्टोबर. रविवारी सॅमनची मासेमारी पूर्ण बंद. वेगळं सरकारी लायसन्स लागत नाही, पण नदीच्या त्या पट्ट्याच्या मालकाची परवानगी हवीच. 1 एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडावा लागतो. शिवाय 2016 पासून नद्यांना तिथल्या सॅमनची स्थिती पाहून 1 ते 3 अशी श्रेणी दिली जाते, आणि तिसऱ्या श्रेणीच्या नदीत वर्षभर सोडणं सक्तीचं असतं. जिथे सक्ती नाही तिथेही बहुतेक जण सोडतातच. स्कॉटलंडमध्ये रॉडनं पकडलेल्या सॅमनपैकी 90 टक्क्यांहून जास्त परत जातात. 2023 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेनं ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन संकटग्रस्त ठरवला. मोठी मादी किलोमागे हजाराहून जास्त अंडी घालते, म्हणजे दहा किलोची एक मादी वाचवणं लहान माशांच्या सबंध टोळीच्या तोडीचं.

सामान. टे पाण्याच्या प्रमाणात ब्रिटनमधली सगळ्यात मोठी नदी. तिथे मी 15 फुटी, दोन हातांनी चालवायचा, 10 नंबरच्या, म्हणजे जड लाईनचा रॉड वापरतो. रिळावर किमान 150 मीटर बॅकिंग, म्हणजे लाईनमागची राखीव दोरी. लीडर, म्हणजे लाईन आणि हुक यांच्यामधला बारीक धागा, 20 पौंडांचा ताण सोसणारा फ्लुरोकार्बन. 'मासा सोडायचाच आहे तर हलकी लाईन घेऊ, मजा जास्त' हा विचार मला मुळीच पटत नाही. हलक्या लाईनवर झुंज दुप्पट चालते, आणि ती मजा माशाच्या अंगावर निघते. फ्लाय, म्हणजे हुकवर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष, शरद ऋतूत कॅस्केड किंवा अ‍ॅलीज श्रिम्प, 6 किंवा 8 नंबरच्या डबल (दोन टोकांच्या) हुकवर. हुकचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट करायचा आणि हुक सुती कापडातून ओढून बघायचा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे.

आमिष म्हणून गांडूळ मी लावत नाही. गोड्या पाण्यात शिरलेला सॅमन खाणं सोडून देतो, त्यामुळे फ्लाय तो तोंडानं पकडतो पण गिळत नाही आणि हुक बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. गांडूळ मात्र घशापर्यंत जाऊ शकतं. तिथला हुक काढणं म्हणजे माशावर अर्धी शस्त्रक्रियाच.

जाळं मोठं हवं : तोंड निदान 30 इंच, पिशवी खोल, जाळी बिनगाठीची. गाठींनी खवले निघतात आणि परांच्या कडा फाटतात. सोबत लांब चोचीचा फोर्सेप्स (चिमटा), कात्री आणि थर्मामीटर. रॉडवर बुडापासून 30, 35 आणि 40 इंचांवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवतो.

थर्मामीटर बहुतेकांच्या खिशात नसतो, पण माझ्या मते जाळ्याखालोखाल तेच महत्त्वाचं. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 20 अंशांना जेमतेम 9. त्यात पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज वाढते. 18 च्या वर मी फक्त पहाटे उभा राहतो, 20 च्या वर लाईन टाकतच नाही. अशा पाण्यात मासा सोडताना जोरात पळतो आणि तासाभरानं मरतो, तेव्हा सोडणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी मासा कुठे उतरवायचा ती जागा हेरून ठेवतो : गुडघाभर पाणी, मंद ओढ, तळाशी बारीक गोटे, वर फांद्या नाहीत. ही जागा डोहाच्या शेपटाकडे, म्हणजे खालच्या टोकाकडे नको, कारण तिथून मासा खालच्या उताराला निसटला की त्याच्यामागे पळत जाणं टेसारख्या नदीत धोक्याचं आहे. लाइफ जॅकेट आणि वेडिंग स्टाफ (पाण्यात टेकायची काठी) नसेल तर पाण्यात उतरूच नये.

फ्लाय पलीकडे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला साधारण 45 अंशांत टाकायची, लाईन एकदा वर उचलून सरळ करायची आणि फ्लाय आडवी सरकत आपल्या काठाकडे येऊ द्यायची. मग दोन पावलं खाली. पकड आली की झटका द्यायचा नाही. मासा फ्लाय घेऊन वळतो, लाईन ताणते, रीळ बोलायला लागतं, आणि मग कुठे रॉड उचलायचा. लवकर उचलला तर हुक तोंडातून सरळ बाहेर येतो, नाहीतर ओठाच्या टोकाला कातडीत अडकतो आणि अर्ध्या झुंजीत सुटतो. ट्राउट माशावर हात बसलेल्यांना लगेच झटका द्यायची सवय असते, त्यांना हे सगळ्यात जड जातं.

झुंज. जुने लोक पौंडामागे एक मिनिट म्हणायचे. मी ती कमाल मर्यादा धरतो आणि 20 पौंडी मासा 10 ते 15 मिनिटांत जाळ्यात यावा असं बघतो. ब्रिटनचा विक्रमी सॅमन याच नदीत, ग्लेनडेल्व्हाइनला, 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन यांनी पकडला : 64 पौंड, आणि झुंज दोन तासांची. त्या काळी मासा ठेवायचाच होता, त्यामुळे वेळेची फिकीर नव्हती. आज दोन तास झुंजवलेला मासा सोडून फारसा उपयोग नाही. त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठलेलं असतं आणि रक्ताचं संतुलन बिघडलेलं असतं.

वेळ वाचतो तो जागेमुळे. माशाच्या समोर किंवा थोडं खालच्या बाजूला राहायचं. आपण वर आणि मासा खाली असेल तर त्याच्यासोबत सगळा प्रवाह ओढावा लागतो, आणि प्रवाह काही दमत नाही. रॉड आभाळाकडे धरून उभं राहण्यानं मासा नुसता उचलला जातो. रॉड आडवा, पाण्याजवळ धरून बाजूला ओढलं की त्याचं डोकं वळतं, तोल जातो आणि तो लवकर थकतो. त्यानं उडी मारली की रॉडचं टोक त्याच्याकडे झुकवायचं. ताणलेल्या लाईनवर तो आदळला तर लीडर तुटतो.

तरी मासा डोहाच्या शेपटाकडे निघालाच तर जोर लावून अडवू नये. रिळावरून काही मीटर लाईन सोडून द्यावी. तिचा फुगा प्रवाहाबरोबर माशाच्या खाली जातो, त्याला ओढ खालून जाणवते आणि पुष्कळदा तो आपणहून वर वळतो. दर वेळी चालतं असं नाही, पण मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

मासा कुशीवर यायला लागला की जाळं आधीच बुडवून स्थिर धरायचं आणि त्याला डोक्याकडून जाळ्यावर आणायचं. त्याच्यामागे जाळं फिरवलं की जाळ्याची कड लाईनला लागते आणि मोठे मासे हमखास इथेच सुटतात. काठावरच्या दगडांवर मासा ओढून आणणं तर बंदच करावं. अंगावरचा बुळबुळीत थर आणि खवले गेले की तिथे बुरशी धरते. समुद्रातून नुकत्याच आलेल्या चंदेरी माशाचे खवले फारच सैल असतात.

इथून पुढे मासा पाण्यातच राहतो. हात ओले करून, जाळं पाण्यात ठेवून फोर्सेप्सनं हुक आला त्याच दिशेनं मागे काढायचा. काटा दाबलेला असेल तर दोन सेकंदांचं काम. खोल असेल तर खोदकाम न करता लीडर हुकजवळ कापायचा. रॉड शेजारी धरून नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी खुणेवर बघायची. घेर मोजायचा तर पाठीच्या पराच्या पुढून दोरी फिरवायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800, सगळं इंचात, म्हणजे पौंडात अंदाजे वजन. 40 इंच लांब आणि 21 इंच घेर असेल तर 22 पौंड. वजनकाट्याला टांगायचं काहीही कारण नाही. शेपटीवर लोंबकळलेल्या मोठ्या माशाच्या मणक्यांवर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो.

फोटोवरून वाद होतात. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी पाण्यातच राहिलेले 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत ठेवलेले 38 टक्के, मिनिटभर ठेवलेले 72 टक्के. प्रयोगशाळेतले, दुसऱ्या जातीचे हे आकडे सॅमनला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या हवेत एकमेकींना चिकटतात हे दोघांनाही सारखंच. म्हणून कॅमेरा तयार असेल तरच उचलायचा : एक हात शेपटीच्या मनगटाला (शेपटीआधीच्या निमुळत्या भागाला), दुसरा छातीच्या परांखाली, पाण्यापासून वीतभर वर, तेही पाच सेकंद. कल्ल्यांत बोटं कधीच नाहीत.

शेवटी त्याला पोट खाली, तोंड प्रवाहाकडे करून मंद ओढीत धरायचं. मागेपुढे हलवू नये, मागे ओढलं की कल्ल्यांवरून पाणी उलटं जातं. कल्ल्यांची झाकणं एका लयीत उघडमीट करायला लागेपर्यंत थांबायचं. कधी मिनिट लागतं, कधी दहा. तो शेपटी हाताला झटकून निघाला तरच जाऊ द्यायचा. पुढे जाऊन कुशीवर पडला तर पुन्हा धरायचा, म्हणून दोन-तीन मिनिटं तिथेच उभं राहायचं. कल्ल्यातून भळाभळा रक्त येत असेल तर आशा कमी, पण सोडणं सक्तीचं असलेल्या ठिकाणी तोही सोडावाच लागतो.

मासा गेल्यावर घिलीकडे (नदीवरच्या मदतनीसाकडे) लांबी, नर की मादी आणि पाण्याचं तापमान नोंदवायचं. मालकाला वर्षाची आकडेवारी सरकारला द्यावी लागते. पुढचा कास्ट टाकण्यापूर्वी लीडरवरून नखं फिरवा. शेवटचे दोन फूट दातांनी खरवडलेले असतात, तेवढे कापून गाठ नवी मारा आणि हुकचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर हुक बदला.