गाडी नऊला सुटते, मग रात्र का होते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न दुकानदार विचारतात, माल पाठवणारेही विचारतात. भिवंडीच्या गाळ्यातून गाडी नऊला सुटते, मुलुंड काही लांब नाही, तरी शेवटच्या दुकानात माल येईपर्यंत दिवेलागण होते आणि ड्रायव्हर चिडलेला असतो. दिवसभर करतात काय ही माणसं?

पेट्या शोधतात.

साबण, बिस्किटं, तेल, शाम्पू असा मिश्र माल घेऊन ठाणे-मुलुंडच्या लाइनवर, म्हणजे ठरलेल्या फेरीवर, जाणारा एक चौदा फुटी बंद बॉडीचा आयशर ट्रक धरू. २२ पॉइंट, म्हणजे २२ दुकानं, आणि सव्वातीनशेच्या आसपास पेट्या. सकाळी सातला गाडी डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या जागेला, लागली. भरायला दीड तास, बिलं आणि गेटपासला अर्धा तास. जाणं-येणं आणि मधल्या गल्ल्या मिळून तीन तास स्टिअरिंगवर. प्रत्येक दुकानी गाडी लावायची, माल उतरवायचा, मोजून द्यायचा, बिलावर सही-शिक्का घ्यायचा, रोख किंवा चेक घ्यायचा, याला बारा मिनिटं धरा. २२ दुकानांचे झाले ४ तास २४ मिनिटं. जेवणाला अर्धा तास. परत आल्यावर पैसे आणि सह्यांची बिलं जमा करायला पाऊण तास. बेरीज १० तास ३९ मिनिटं. एकही गोष्ट चुकली नाही तर पावणेसहाला सुट्टी. लाइन आखणारा मात्र घड्याळ गेटच्या बाहेर सुरू करतो आणि शेवटच्या दुकानाशी बंद करतो, त्यामुळे त्याच्या कागदावर हाच दिवस आठ तासांत आरामात बसतो.

आता हीच गाडी चुकीची भरा. दर दुकानी सरासरी सात मिनिटं शोधाशोध वाढली की अडीच तासांवर गेले. सुट्टी सव्वाआठला, तीही संध्याकाळच्या माजिवड्याच्या गर्दीचा आणि जड वाहनांच्या नो एंट्रीचा हिशेब न धरता.

गाडी भरायचा नियम एका ओळीचा आहे: शेवटच्या दुकानाचा माल आधी, केबिनकडे, पहिल्या दुकानाचा माल शेवटी, दाराशी. हे ठाऊक नसलेला माणूस गोदामात सापडणार नाही. मग चुकतं कुठे? रात्री माल रॅकवरून काढला जातो तो वस्तूप्रमाणे, दुकानाप्रमाणे नाही. २२ दुकानांचा मिळून जेवढा साबण, तो एका फेरीत, मग सगळी बिस्किटं, मग तेल. काढणाऱ्याचं चालणं त्यामुळे निम्म्यावर येतं आणि ते योग्यच आहे. पण त्यानंतर डॉकवर माल दुकानवार लावायचा एक टप्पा असतो, त्याला ऐसपैस जागा लागते आणि तासभर वेळ. उशीर झाला की पहिला बळी या टप्प्याचा जातो. माल जसा रॅकवरून आला तसाच गाडीत चढतो: केबिनकडे साबणाची भिंत, मध्ये बिस्किटं, दाराशी तेलाचे डबे. मग पहिल्याच दुकानाच्या साबणाच्या तीन पेट्या काढायला निम्मी गाडी फुटपाथवर उतरवावी लागते आणि परत भरावी लागते. दुकानवारीचं जे काम डॉकवर पंख्याखाली चार माणसं करणार होती, ते रस्त्यावर, मागून हॉर्न वाजत असताना, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर करतात.

दोष हमालांचा नाही, हे इथेच सांगतो. टोळीच्या हातात जो कागद येतो त्याप्रमाणे ती भरते. माथाडी असोत की ठेकेदाराची माणसं, मजुरी टनावर किंवा नगावर. पेटी कुठल्या क्रमाने चढली याचे पैसे त्यांना कोणी देत नाही, आणि तो क्रम छापून हातात देणं हे गोदामाच्या साहेबांचं काम आहे.

दुसरी चूक मोजणीची, आणि ती जास्त बोचते कारण ती खिशाला लागते. गेटवर एकूण आकडा जुळवतात: कागदावर ३२४, गाडीत ३२४, जा. सात नंबरच्या दुकानाची पेटी अकरा नंबरच्या थप्पीत गेली तरी एकूण बरोबरच येतो. सातव्या दुकानात माल कमी निघतो, दुकानदार बिलावर तसं लिहून देतो; अकराव्यात एक जास्त निघते आणि तिथला माणूस बोलला तर बोलला. रात्री हिशेबात ती पेटी ड्रायव्हरच्या नावावर पडते. यातलीच बहीण म्हणजे नग आणि पेटीचा घोळ: बिलात १२ नग, गाडीत १२ पेट्या. शिवाय जुन्या एमआरपीचा माल नव्या बिलावर, किंवा दिसायला तंतोतंत सारखी १०० ग्रॅम आणि १२५ ग्रॅमची पेटी. दुकानदार असा माल घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण परत आलेला माल गोदामात जमा करायला वेगळी रांग असते आणि परतीचा माल घेणारा माणूस बहुतेक सहालाच घरी गेलेला असतो.

तिसरी चूक वजनाची. लाइन पेट्यांच्या संख्येवर किंवा घनफुटांवर आखली की बिस्किटांची गाडी भरलेली दिसते आणि हलकी असते. डिटर्जंट आणि तेलाची गाडी अर्धी रिकामी दिसते आणि ओव्हरलोड असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. कलमाचे शब्द गाडी चालवणाऱ्यापुरते नाहीत, चालवायला लावणाराही त्यात येतो. रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हरच. वजन पासिंगमध्ये, म्हणजे गाडीला मंजूर मर्यादेत, असलं तरी जागा चुकली की त्रास होतोच. तेलाचे डबे मागच्या चाकांच्या मागे, दाराशी रचले की पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. जड माल तळाला, शक्य तितका मागच्या एक्सलच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखा. आणि पहिलंच दुकान तेलाचं असेल तर? मग माल हलवण्यापेक्षा ते दुकान यादीत खाली सरकवावं. पॉइंटचा क्रम ठरवताना हे कोणी बघत नाही, कारण क्रम पिनकोडवर ठरतो.

गाडी किती भरावी यावर वाद आहे. माझं मत असं की वीसच्या वर पॉइंट असतील तर बॉडी ऐंशी टक्क्यांवर भरू नये. मधोमध दीड फुटाची गल्ली ठेवली की सहा फुटी रुंदीतला चौथा हिस्सा गेला, हे खरं. पण त्या गल्लीतून चालत जाऊन पेटी काढता येते. ठासून भरलेल्या गाडीत पेटी काढायची म्हणजे आधी दुसऱ्या दहा बाहेर काढायच्या. दोनच पॉइंट असतील तर खुशाल छतापर्यंत भरा.

महिनाअखेरीला हे सगळं एकदम होतं. विक्रीचा आकडा गाठायला शेवटच्या दोन दिवसांत रात्री उशिरापर्यंत बिलं फाडली जातात, नेहमीच्या दीडपट माल तेवढ्याच डॉकवरून तेवढ्याच माणसांनी काढायचा असतो. गाडी भरून झाल्यावर फोन येतो, 'एक अर्जंट ऑर्डर आहे, टाकून दे.' टाकून दे म्हणजे दाराशी टाक, आणि ते दुकान नेमकं एकोणिसावं असतं. मग अठरा दुकानी तोच माल उतरवा, पुन्हा चढवा. ऑर्डर घ्यायची वेळ संध्याकाळी सहाला कुलूपबंद केली तर ही एक डोकेदुखी जाते, पण ती कुलूपबंद ठेवायला विक्रीवाल्यांना नाही म्हणावं लागतं.

आता ओव्हरटाइम. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, कामाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा, विश्रांतीसकट, पसारा बारा तासांत, जादा कामाला दुप्पट दर. नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत गेला. आठ तासांचा दिवस आणि दुप्पट दर संहितेतही आहेत. जुन्या कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. माल चढवणं-उतरवणं, पैशांचा भरणा, रजिस्टरवर सह्या हे सगळं त्यात कामाच्या तासांत धरलं होतं. टर्मिनलवर नुसतं हजर राहून थांबण्याचा काळ मात्र पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच स्पष्टपणे मोजला होता. डॉकबाहेर दोन तास रांगेत बसलेल्या माणसाचा वाद नेमका इथे सुरू होतो.

आणि बहुतेक गाड्या गोदामाच्या नसतातच, महिन्याच्या भाड्याने लावलेल्या असतात. ड्रायव्हर गाडीमालकाचा, पगार महिन्याचा किंवा फेरीवर. गाडी अडकून पडली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मिळालेच तर मालकाला मिळतात. गोदामाचं मोजमाप गाडी किती वाजता गेटबाहेर पडली यावर, माल काढणाऱ्याचं तासाला किती पेट्या यावर, लाइन आखणाऱ्याचं गाडी किती टक्के भरली यावर. पसाऱ्यासकट नऊला सुटलेली गाडी या तिन्ही आकड्यांत उत्तम दिसते. पुढचे अडीच तास कुठल्याच रिपोर्टात येत नाहीत, ते फक्त ड्रायव्हरच्या घरी उशिरा पोहोचण्यात दिसतात.

यावर खर्चाचं फारसं काही करावं लागत नाही. डॉकच्या जमिनीवर खडूने २२ ते १ असे चौकोन आखा आणि त्याच उलट्या क्रमाने लोडिंग शीट छापा. प्रत्येक पेटीवर जाड मार्करने दुकानाचा नंबर, एका आडव्या आणि एका उभ्या बाजूला, आकडा दाराकडे तोंड करून. मोजणी एकूण न करता चौकोनागणिक करा आणि तिथेच टिकमार्क. ड्रायव्हरनेही भरणं चालू असताना चहाला जाऊ नये. अर्धी गाडी भरल्यावर एक आणि दार लावण्याआधी एक फोटो काढावा. त्याला डॉकवर येऊ दिलं नसेल तर गेटपासवर सहीच्या वर 'मोजणी समोर झाली नाही' एवढं लिहून दाराच्या सीलचा नंबर टाकावा. ट्रान्सपोर्टवाले बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, 'सेड टू कंटेन' (आत काय आहे ते पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही मोजलेलं नाही) असं छापतात ते याच कारणाने. आणि चार वेळा रोज लिहाव्यात: गेटमध्ये आलो, डॉकला लागलो, भरून झालं, गेटबाहेर पडलो. पगाराच्या भांडणात तोंडी दोन तासांना कोणी विचारत नाही, महिनाभर लिहिलेल्या वेळांना उत्तर द्यावं लागतं.

जीपीएसवर गाडी दुकानासमोर एकोणीस मिनिटं उभी दिसली की सुपरवायझरचा फोन येतो, 'का थांबलास?' फोन करण्याआधी त्याच स्क्रीनवर सगळे थांबे एकाखाली एक लावून बघावेत. पहिले पाच-सहा थांबे लांब आणि पुढचे आखूड होत गेले असतील तर लोडिंग चुकलेलं आहे. गाडी रिकामी होत जाते तशी पेटी सापडायला लागते. एखादंच दुकान रोज लांब असेल तर तिथे माल उतरवून घ्यायला माणूस नाही. आणि सकाळचे सगळे थांबे बारा मिनिटांचे, पण शेवटचे चार वीस-वीस मिनिटांचे, असं दिसलं तर माणसं थकली आहेत; गाडी किती वाजता डॉकला लागली होती ते आधी बघा.