लालबागच्या फोटोचं साल शोधताना

काकांच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा एक कृष्णधवल फोटो निघाला. मागे ना तारीख, ना स्टुडिओचा शिक्का. "लालबागचाच आहे, पुढचं मला विचारू नकोस," एवढं सांगून काका मोकळे झाले.

मोबाइलने टिपायला गेलो तर नुसती चकाकी. मग स्कॅनरवर १२०० डीपीआयला घेतला आणि आजोबांना सोडून त्यांच्या मागचंच बघत बसलो. रस्त्यात ट्रामचे रूळ. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम बंद झाली म्हणून रूळ काही दुसऱ्या दिवशी उखडत नाहीत, पण वरची तारही शाबूत होती. बाजूला एक डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११०० मोटार, उभी होती. ती इथे आली १९५४ ला, म्हणजे त्याच्या मागे जायला नको.

खरं काम केलं हॉटेलच्या पाटीने. बराच झूम केल्यावर चहाच्या भावापुढे 'न. पै.' वाचता आलं. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यातलं 'नवे' गळालं जून १९६४ मध्ये. शेजारच्या भिंतीवर डांबराने लिहिलेलं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. घरच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला: १९६० च्या आधीचा! मला हे पटत नाही. महाराष्ट्र झाला म्हणून १ मेला डांबर पुसायला कोण शिडी लावणार? डांबर आणखी दोनेक वर्षं टिकलं असेल असं धरून मी पाकिटावर '१९५७ ते १९६२' लिहिलं, तेही पेन्सिलीने.

वेळ मात्र कागदपत्रांतून निघाली नसती. कोपऱ्यावरची चाळ अजून उभी आहे. तिथल्या एका निवृत्त गिरणी कामगाराला प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाजवळ धरला.

"साडेतीनची पाळी सुटलीय ही."

"कशावरून, आजोबा?"

"अरे, डबे बघ. रिकामे डबे कसे झुलवत चाललेत! सकाळी भरलेला डबा असा कोण नेतो?"

चाळीवरून दिशा लावून पाहिली, तर सावल्या पूर्वेकडे पडलेल्या. म्हणजे दुपारच बरोबर.

मग त्यांनी गर्दीवरून बोट फिरवत कोण कुठल्या खात्यातला असेल ते सांगायला सुरुवात केली. ढोपरापर्यंत कापसाचे तंतू चिकटलेला साच्याचा, म्हणजे मागावरचा, नसणार; तो कताईकडचा. माझे आजोबा तेवढे कडक इस्त्रीत. "हा त्या दिवशी रजेवर," त्यांचा निकाल. १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाबद्दल विचारलं, तर प्रिंट माझ्या हातात देऊन ते चहा सांगायला उठले.

त्याच कोनातून आजचा फोटो घ्यायचा होता. मध्ये उड्डाणपूल येतो, आणि गिरणीच्या चिमणीच्या जागी टॉवर आहे. तिथल्या वॉचमनने कॅमेरा आत ठेवायला लावला. हॉटेल कुठलं, एवढं अजून लागलेलं नाही. चिवडा गल्लीतल्या जुन्या दुकानदारांना विचारून बघणार आहे.