सामंतचा काशीकर झाला

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या नाटकाच्या ग्रुपच्या दिग्दर्शकाचा फोन आला, "शांतता परत करतोय, येतोस का?" मी लगेच हो म्हणून मोकळा, वर हे पण सांगितलं की सामंतचे डायलॉग अजून पाठ आहेत, तालमीला कधीपासून येऊ बोल. पलीकडे नुसतं हसणं. "सामंत? लेका आरशात बघ जरा. काशीकर करायचायस तू."

तर असं. 1999 साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये मी सामंत केलेला, तेव्हा वय 23, वजन विचारू नका. प्रयोग कुठे तर कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या थिएटरात पहिल्यांदा उभं राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, ते बघून लोक हसले, त्यांना वाटलं सामंतच घाबरलाय. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळलं. त्या रात्री शेजारच्या खासबाग मैदानापाशी जी गर्दी होती तिच्यात मी पण होतो, त्यावर परत कधीतरी लिहीन, आज नको.

नाटक माहीत नसेल तर थोडक्यात, मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला येतात, वेळ जात नाही म्हणून लुटुपुटूचा खटला भरवतात, आरोपी करतात बेणारेबाईंना आणि गंमत गंमत म्हणत तिचं खरं आयुष्य उघडं पाडतात. विजय तेंडुलकरांचं नाटक, 1967 ला रंगायन ह्या नाट्यसंस्थेने केलं, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन आणि बेणारे सुलभा देशपांडे. सामंत हा गावातला भोळा माणूस, साक्षीदार कमी पडतो म्हणून ह्याला उभं करतात. काशीकर न्यायाधीश.

आता खरं सांगतो. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की त्या नाटकात एकच चांगला माणूस आहे आणि तो मी केलाय. शेवटी बेणारे कोसळून पडलेली असते तेव्हा हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून जाणारा सामंत, लोकांना तेवढाच लक्षात राहतो. आमचा पोपट आईने ब्लाउजपीसचा शिवलेला, एक डोळा शर्टाचं बटण आणि दुसरा मणी, कारण दुसरं तसलं बटण सापडलं नाही.

ह्या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून सामंतची साक्ष ऐकली. पोरगा मस्त करतो, एकदा तर त्याच्या वाक्यांवर माझेच ओठ हलायला लागले, दिग्दर्शक ओरडला की काशीकर, तोंड बंद ठेव. तर ती साक्ष. सामंतला काय बोलायचं सुचत नाही म्हणून तो कादंबरीत वाचलेलं ठोकून देतो, दामलेच्या, म्हणजे बेणारेचं ज्याच्याशी प्रकरण असतं त्या प्रोफेसरच्या, बंद खोलीतून बाईचा आवाज ऐकला वगैरे. आणि ते नेमकं बेणारेच्या वर्मी बसतं. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ते तिथून. मी 1999 ला ह्याच जागेवर सगळ्यात मोठा लाफ्टर घेतला होता, तो कसा घ्यायचा ह्याची घरी आरशासमोर प्रॅक्टिस केली होती. बेणारे त्या वेळी स्टेजवर काय करत होती ते आठवायचा प्रयत्न केला, नाही आठवत. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं बहुतेक.

काशीकर अवघड जाईल असं वाटलेलं पण कसलं काय. कानकोरणं हातात घेतलं आणि माणूस आत शिरला. घरी जेवताना मुलीला काहीतरी सांगत होतो तर ती म्हणाली, "बाबा, काशीकर नको ना." आणि मी तर आपला नॉर्मल बोलत होतो! तालमीनंतर टपरीवर चहाला सगळे एकत्र, पण बेणारे करणारी पोरगी पहिले चार दिवस माझ्यापासून जरा लांबच उभी राहायची. नंतर आली, "काका, तुमचा रागच येतो हो." मी दाद म्हणून घेतली, दुसरं काय करणार.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये लावला. नाटकातली जागा पण हॉलच, त्यामुळे सेटचा खर्च शून्य. काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतो आणि तिचं ते मोठं स्वगत सुरू होतं, बाकी सगळे फ्रीज. 23 व्या वर्षी फ्रीज म्हणजे विश्रांती, आता गुडघा बोलतो, नाकावर माशी बसली, आणि हातात घड्याळ धरून मी ऐकतोय, तिला दहा सेकंद मीच दिलेत.

शेवटी बाहेरून लोक येतात आणि दार उघडायचं असतं, तर खऱ्या दाराची खरी कडी अडकली. नाटकात पण कडी त्रास देते म्हणून पब्लिकला काही कळलं नाही, उलट एकजण म्हणाला काय टेन्शन होतं राव. आत आम्ही तिघं घामाघूम.

कडी निघाली, आम्ही बाहेर पडलो. सामंत असताना मी शेवटी स्टेजवरच असायचो, त्यामुळे हा शेवट मी कधी बघितलाच नव्हता. ह्या वेळी विंगेत कोट काढता काढता बघितला. पोरगा आला, पोपट लांबूनच पुढे सरकवला आणि गेला. मी पण तेव्हा लांबूनच ठेवलेला.

पुढचा प्रयोग इचलकरंजीला आहे. पोपटाचा मणी सैल झालाय, तो शिवायचा. आणि कुणीतरी आधी जाऊन दाराच्या कडीला तेल घाला रे.