छोट्या लेथला आधी कोणतं टूल घ्यायचं

जालन्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेचार फुटी जुना लेथ (लोखंडाचा तुकडा फिरवत ठेवून टूलनं कापायचं मशीन) आणून बसवला त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून ओळखीचे दोघंतिघं विचारायलेत की आम्हालाही घ्यायचाय, टूल कोणते घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मी सुरुवातीला अकरा नगांचा कार्बाइडच्या (फार कडक पण ठिसूळ मटेरियलच्या) टूलचा सेट ऑनलाइन मागवला, ते ब्रेझ केलेले (टोकाला कार्बाइडचा तुकडा डाक देऊन जोडलेले), रंगीत दांड्याचे. आमच्याकडं सगळे त्याला विडियाच म्हणतात. जर्मनीच्या क्रुपनं १९२६ मध्ये ह्याच नावानं ते बाजारात आणलं होतं, अर्थ हिऱ्यासारखं, ते नाव अजून आपल्या शॉपमध्ये चालूच आहे. तर मी पहिला जॉब (लेथवर कापायचा तुकडा) म्हणून बांधकामातून उरलेला २० एमएम सळईचा तुकडा चकात (लेथच्या फिरत्या पकडीत) धरला. सळईवरचे कंगोरे प्रत्येक फेऱ्याला टूलला ठोकत होते, त्यात टीएमटी सळई रोलिंगमधून निघाली की लगेच पाण्यानं थंड करतात म्हणून तिचं वरचं कातडं आतल्यापेक्षा कडक असतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं. दोन मिनिटात टूलचा कोपरा उडाला. दुसरं लावलं, तेही गेलं.

आमचे मामा चिकलठाण्याला बावीस वर्षं टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) होते. त्यांनी तुटलेलं टूल बघितलंच नाही, म्हणले, "आधी सांग, तुझा लेथ पळतो किती?"

इथंच सगळं आहे बघा. एमएसला (साध्या मऊ पोलादाला) एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलनं मिनिटाला साधारण ३० मीटरचा स्पीड (जॉबचा पृष्ठभाग टूलसमोरून सरकतो तो) लागतो, कार्बाइडला निदान १०० तरी. म्हणजे २५ एमएमच्या जॉबला एचएसएस ३८० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) खुश, कार्बाइडला १२७० च्या आसपास पाहिजे. माझा लेथ जास्तीत जास्त ५४० पळतो, मोटर १ एचपीची. एवढ्या कमी स्पीडला कार्बाइडच्या शेंड्यावर लोखंड चिकटत राहतं, फिनिश खरबरीत येते आणि कधीतरी कोपरा घेऊनच जातं.

म्हणून पहिली खरेदी एचएसएसचे १० एमएम चौकोनी बिट (आपण धार लावून टूल बनवायच्या कांड्या), चारपाच नग, आणि धार लावायला एक बेंच ग्राइंडर. ग्राइंडर टाळू नका. एमएससाठी पुढून ८ ते १० डिग्री क्लिअरन्स (धारेखालचा भाग जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार) आणि वरच्या बाजूला १२ डिग्रीचा साइड रेक (वरच्या पृष्ठभागाचा बाजूकडं उतार), एवढंच आधी हाताला बसवायचं. मामांनी मला एकाच बिटवर सलग आठ दिवस धार लावायला लावली, रोज संध्याकाळी. पितळेला मात्र रेक शून्य ठेवायचा, नाहीतर टूल आत ओढलं जातं. घासताना पाण्यात बुडवत राहा, एचएसएस तसं सहाशे डिग्रीच्या जवळपास तापलं तरी कडकपणा धरून राहतं. कार्बाइडचं उलटं, तापलेलं पाण्यात घातलं की तडा जातो, आणि त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड लागतो, साधा दगड त्याला खात नाही.

सेंटर हाइट (टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीवर आहे का ते) बघायला सहा इंची स्टीलची पट्टी जॉब आणि टूलच्या टोकाच्या मध्ये हलकीच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली की झालं. वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडं झुकलं तर वर. मी त्याप्रमाणं खाली पत्र्याचं पॅकिंग घालतो.

विडिया फेकून द्या असं नाही हां. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पुलीवर वाळूची कडक साल असते, तिथं एचएसएसची धार लगेच बोथट होते, तिथं के१० ग्रेडचं ब्रेझ केलेलं कार्बाइड टूल कामाला येतं. इन्सर्ट (दांड्याला स्क्रूनं बसवायचा कार्बाइडचा बदलता तुकडा) घ्यायचाच असेल तर सीसीएमटी ०६०२०४ ह्या नंबरचा घ्या, शेवटचं ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ एमएम, छोट्या लेथला ती झेपते. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला चार धारा मिळतात म्हणून स्वस्त वाटतं, पण ते दाब मागतं आणि माझ्यासारखा हलका लेथ किर्र करून थरथरायला लागतो.

बोअरिंग बार (भोक आतून कापायचं दांड्याचं टूल) मिळेल तेवढा जाड घ्या, होल्डरच्या बाहेर त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त काढू नका. परवा शेजारच्या काकांच्या मोटरपंपाचा बुश (शाफ्ट बसतो ती नळी) असाच १२ एमएमच्या बारनं आतून काढला, शाफ्ट हातानं दाबला तर सरळ आत बसला.